आखाजीपर्यंतचा गोलंदाज

लीलाधर आबा दर शनिवारी सकाळी नऊच्या सुमारास असोद्याहून मोटारसायकल काढतात आणि शहरातल्या मेहरूण भागात नूर महंमद यांच्या ताडपत्रीच्या दुकानासमोर आणून लावतात. ताडपत्री ते चार-पाच वर्षांतून एकदा घेतात. बाकीचे सगळे शनिवार क्रिकेटचे.

नूर महंमद साठीचे आहेत. केळीच्या ट्रकांवर बांधायच्या ताडपत्र्या शिवणं आणि फाटलेल्या सांधणं हा त्यांचा वडिलांपासूनचा धंदा. दुकानात खुर्ची एकच, ती शिलाई मशीनसमोर. आलेल्या माणसाने घड्या घालून ठेवलेल्या ताडपत्र्यांवर बसायचं. आबा दाराजवळच्या ढिगावर बसतात आणि बसल्या बसल्या सुरुवात करतात.

"एवढे कोटी एका पोराले? चार षटकांचा मानूस तो. बाकीची सोळा कोन टाकीन, मालक?"

"आबा, चार ओव्हर कोणत्या ते बघा. शेवटच्या चार. ताडपत्री मधोमध फाटत नाही, शिवणीवर फाटते. शिवणीवरच्या माणसाला जास्तच द्यावे लागतात."

"आन त्याचा गुडघा गेला मंग?"

"मग मालक रडेल. आपण चहा पिऊ."

कोणत्या संघाने कोणाला ठेवलं, कोणाला सोडलं, कोणासाठी विनाकारण थैली रिकामी केली, यावर दोघांचं गेल्या बारा वर्षांत एकमत झालेलं नाही. नूर महंमद खेळाडूचा एखादा थोर डाव धरून बसतात. आबांचं गणित केळीचं आहे. व्यापारी बाग बघायला येतो तेव्हा तो रास विचारतो. रास म्हणजे बागेतल्या घडांचं सरासरी वजन. एक घड पस्तीस किलोचा निघाला म्हणून बागेला पस्तिसाचा भाव मिळत नाही. खेळाडूचंही तसंच, असं आबांचं म्हणणं. "तुमी नुसता मोठा घड दाखोता," ते नूर महंमदना सांगतात, "मी बठ्ठी बाग फिरून येतो."

आबांचं वय त्रेसष्ट. अकरा एकर जमीन, त्यात सहा एकर केळी, बाकी कापूस. स्वतः ते क्रिकेट कधी खेळलेले नाहीत. गावात त्यांना मान आहे तो वेगळ्याच कामासाठी. शेतावर वर्षाच्या कराराने राहणारा माणूस म्हणजे सालदार. खानदेशात हे वर्ष आखाजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला संपतं आणि तिथूनच नवं सुरू होतं. मालक आणि सालदार यांच्यामध्ये बसून साल ठरवायला तिसरा माणूस लागतो. आबा तीस वर्षं ते काम करत आले आहेत. आता गावात सालदार मोजकेच उरलेत. पण आबांनी ठरवलेलं साल मध्येच मोडलं, असं आजवर झालेलं नाही. ही गोष्ट ते स्वतः कधी सांगत नाहीत. दुसरे सांगतात तेव्हा शेवटपर्यंत ऐकून घेतात.

गेल्या दिवाळीनंतर मेहरूणच्या मैदानावर टेनिस चेंडूची स्पर्धा ठरली. आठ संघ, आठ-आठ षटकं, फेब्रुवारीपासून दर रविवारी सकाळी सामने. सचिव झाले मोतीलाल सर. ते मूळचे धुळ्याचे, शाळेत खेळाचे शिक्षक होते, आता निवृत्त आहेत. खेळाडू कुठलाही आणा, पण त्याच्याशी लेखी करार करा आणि कागद माझ्याकडे जमा करा, असा त्यांनी नियम घातला. करार असेपर्यंत खेळाडू त्या संघाचा, संपला की मोकळा.

असोद्याच्या संघाचा कर्णधार नवीन हा आबांचा पुतण्या. गावात त्याचं खतं-बियाण्यांचं दुकान आहे. करार म्हटल्यावर त्याने हे काम आबांकडे दिलं. मेहरूणच्या संघाचे व्यवस्थापक अर्थातच नूर महंमद.

नूर महंमद यांचा पुतण्या फैज तेवीस वर्षांचा आहे. कूलर आणि फ्रीज दुरुस्त करतो, डाव्या हाताने वेगवान गोलंदाजी करतो. मेहरूणच्या यादीत त्याचं नाव होतं, पण करार केलेला नव्हता. घरचाच पोरगा, जातो कुठं, अशी नूर महंमदांची समजूत. कागद जमा करायच्या आदल्या शनिवारी आबा दुकानात आले आणि त्यांनी तिथेच नूर महंमदांशी फैजचं बोलणं काढलं.

"तुमच्याकडं त्याले कोनी धरत नही. आमाले द्या."

"घेऊन जा," नूर महंमद मशीनवरून मान न उचलता म्हणाले. "आमच्याकडे त्याच्यापुढे चार बॉलर आहेत."

आबांनी खिशातून कागद काढला. दोन जोड बूट, येण्याजाण्याचं पेट्रोल, दर सामन्याला केळीचा एक घड, हिवाळ्यात शेतावरच्या भरीत-पार्टीला घरच्यांसह बोलावणं. आठवड्यात एक दिवस सराव; आला नाही तर खाडा, तो नंतर भरून द्यायचा. मुदत आखाजीपर्यंत. संध्याकाळी फैज कामावरून आला आणि काकांनी सांगितलं तिथे सही करून मोकळा झाला.

बाकीच्या सात संघांनी मुदतीच्या जागी 'स्पर्धा संपेपर्यंत' असं लिहिलं होतं. आबांना ते सुचलंच नाही. माणसाचा करार आखाजीखेरीज दुसऱ्या कोणत्या दिवशी संपू शकतो, हे त्यांनी आयुष्यात पाहिलेलं नव्हतं. अंतिम सामना एप्रिलच्या पहिल्या रविवारी होता, आखाजी त्यानंतर दोन आठवड्यांनी. त्यामुळे कोणाच्याच लक्षात काही आलं नाही.

आबांचा सालदार निंबा याने मात्र कराराची चौकशी केली.

"एका रविवारी किती टाकतो तो?"

"दोन षटकं. बारा चेंडू."

निंबाने थोडा हिशेब केला. "आबा, पुढच्या साली मलेबी गोलंदाजच ठेवा."

फैजने बारा-बारा चेंडूंत जे करायचं ते केलं. अंतिम फेरीपर्यंत त्याच्या नावावर चौदा बळी होते आणि षटकामागे सहापेक्षा जास्त धावा त्याने एकाच सामन्यात दिल्या. असोद्याचा संघ शहरातल्या मैदानावर पहिल्यांदाच अंतिम सामन्यात आला. समोर मेहरूणच होतं. नूर महंमदांचे चार गोलंदाज तोवर तीनवर आले होते. एकाचा खांदा दुखावला होता. शनिवारच्या बैठकीत आबा कोटींचे विषय काढायचे थांबले. "घरच्या पोराले भाव देता येत नही," एवढंच ते अधूनमधून म्हणायचे आणि नूर महंमद मशीन जोरात चालवायचे.

मार्चच्या शेवटी मोतीलाल सरांचा फोन आला. मैदान पंधरा दिवसांसाठी गृहोपयोगी वस्तूंच्या प्रदर्शनाला दिलं होतं. अंतिम सामना पुढे ढकलला होता, आखाजीनंतरच्या रविवारी.

"बरं," आबा म्हणाले.

"बरं काय, आबा? कागद पाहा." सर एरवी सभेत बोलतात तसं बोलतात, पण घाईत असले की धुळ्याला पोचतात. "तुमना कागदवर आखाजीलोंग लिखेल शे. शुक्रवारले आखाजी. रविवारले तो पोऱ्या तुमना नही."

आबांनी फोन ठेवला आणि ओट्यावर बसून बोटांवर मोजलं. आखाजी शुक्रवारी, सामना रविवारी. मध्ये एक दिवस.

पुढच्या शनिवारी नूर महंमदांनी मशीन बंद ठेवलं होतं आणि चहा आधीच मागवला होता.

"साल संपतं ना, आबा?"

"संपतं."

"मग संपल्यावर माणूस कुणाचा?"

"कोनाचाच नही. त्याचा तो."

"मग मी त्याला विचारलं तर तुम्हाला राग नाही?"

"इचारा. मीबी इचारीन."

नूर महंमद हसले नाहीत. आबा भांडतील, अशी तयारी त्यांनी केली होती. ती फुकट गेली. चहा आबांपुढे सरकवत ते म्हणाले, "साखर कमी आहे का?"

"ठीक हाये."

ही बातमी असोद्याला पोचल्यावर नवीन रात्रीचं जेवण टाकून आबांकडे आला. सोबत सरावाची वही होती. फैजचे तीन खाडे होते.

"आबा, सालदाराचे खाडे राह्यले तर तो आखाजीनंतर भरून देतो की नही?"

"देतो."

"मंग तीन दिवस आपल्याकडंच राह्यले. शुक्रवार धरत नही. शनिवार, रविवार, सोमवार. मी मोतीलाल सरांले इचारलं. ते म्हने, कागदावर खाडा लिहेल हाये, मले चालतं."

आबांनी वही हातात घेतली. तीनही तारखा वाचल्या.

"यातला एक दिवस त्याची आजी गेली तवाचा. मयताचा खाडा आपन कधी धरला?"

"नही. पन दोन तर राह्यले."

"दोन रोज्याचे. ऊन होतं, पोराच्या पोटात पानी नव्हतं. येऊ नको असं मीच सांगलं होतं. मी सांगून ठेवला तो खाडा नसतो."

"हे त्याले आठवत असंन का?"

"मले आठवतं."

नवीनने वही परत घेतली. "आबा, आठ मॅची खेळून इथपर्यंत आलो. तुमच्या एका ओळीनं फायनल घालवली."

"ओळ मीच लिहेल हाये," आबा म्हणाले. "खोटा खाडा लिहायचा म्हनजे दुसरी चूक."

नवीन गेल्यावर आबांच्या पत्नी सुनंदाबाईंनी त्यांना अर्धी भाकरी जास्त वाढली. त्यांनी ती खाल्ली नाही.

साल संपलेल्या सालदाराला आखाजीच्या दिवशी जेवू घालायचं, ही आबांच्या घरची रीत. त्या दिवशी त्याला कोणी काम सांगत नाही. यंदा निंबाच्या शेजारी फैज बसला आणि त्याच्या शेजारी नूर महंमद. सुनंदाबाईंनी खापरावरच्या पुरणपोळ्या केल्या होत्या, सोबत आमरस. फैजने चार खाल्ल्या. नूर महंमद तिसरीनंतर नको म्हणत होते, पण हात ताटावर आडवा धरत नव्हते.

जेवण झाल्यावर ओसरीत बोलणी सुरू झाली.

"आमी बूट तीन जोड करतो," आबा म्हणाले.

"बूट मी पण देईन. शिवाय तो मेहरूणचा, त्याला पेट्रोल लागत नाही."

"लागत नही मंग त्याचा फायदा काय? तो तुमचा फायदा. नवा चेंडू त्याच्याच हातात राहीन."

"आमच्याकडेही राहील."

"आमच्याकडं घड हाये."

"आबा, मेहरूणमध्ये केळी मिळतात."

हे बराच वेळ चाललं. फैज एकदा इकडे, एकदा तिकडे पाहत होता. सुनंदाबाई ताटं उचलायला आल्या होत्या, त्या दारात थांबल्या.

"निंबाचं साल ठरोता तवा आधी निंबाले इचारता," त्या आबांना म्हणाल्या. "या पोराले कोनी इचारलं?"

आबांनी बुटांचा विषय सोडला. तो त्यांचाच नियम होता. मालकाने तोंड उघडायच्या आधी सालदाराने आपलं म्हणणं सांगायचं, यावर त्यांनी तीस वर्षांत भल्याभल्या मालकांना थांबवलं होतं. फैजच्या वेळी ते काकांशीच बोलले होते. फैजला मिळाली होती ती सही करायची जागा.

"बोल बेटा," आबा म्हणाले. "तुले काय पाह्यजे?"

फैजने आधी काकांकडे पाहिलं, मग जमिनीकडे.

"मला तिसऱ्या नंबरवर बॅटिंग पाहिजे."

निंबाला ठसका लागला. फैज पूर्ण स्पर्धेत दहाव्या क्रमांकावर गेला होता आणि त्याचे एकूण चेंडू सात झाले होते.

"हसू नको," आबा निंबाला म्हणाले. मग फैजकडे वळले. "बूट माग, दुसरं काही माग. तिसरा नंबर मले देता येत नही. तिथं मानूस हाये आन तो तुझ्यापेक्षा चांगला हाये. जे देता येत नही ते मी कबूल करत नही."

"आठवा?"

"यावेळी नही. फायनलच्या तोंडावर मी नंबर बदलत नही."

"दिला," नूर महंमद म्हणाले. "तिसरा. पॅड बांधून तयार राहा."

"चाचा, टेनिस बॉलला पॅड नसतात."

"मग न बांधता राहा."

फैज निघताना आबांच्या पाया पडला. सुनंदाबाईंनी त्याच्या आईसाठी, हुस्नबानोंसाठी, पुरणपोळ्यांचा डबा दिला. मोटारसायकल वळली तेव्हा डबा नूर महंमदांच्या मांडीवर होता.

रविवारी सकाळी साडेसहाला सामना सुरू झाला. नऊनंतर त्या मैदानावर उभं राहवत नाही. आबा सीमारेषेजवळ नेहमीच्या जागी बसले. नवीन त्यांच्याशी दोन दिवस बोलला नव्हता. नाणेफेक हरल्यावर त्याने लांबूनच हाताने खूण केली, आपली फलंदाजी.

फैजने दुसऱ्या षटकात पहिला चेंडू टाकला आणि असोद्याचा सलामीवीर गेला. त्याच षटकात तिसऱ्या क्रमांकाचा, म्हणजे ज्याच्यासाठी आबांनी फैजला नाही म्हटलं होतं तो, झेल देऊन परतला. सातव्या षटकात नवीनचा त्रिफळा. दोन षटकं, नऊ धावा, तीन बळी. असोद्याच्या बाकावर कोणी आबांकडे पाहत नव्हतं. असोदा एकाहत्तर. आठ षटकांत एकाहत्तर हा त्या मैदानावर जिंकण्याजोगा आकडा समजत नाहीत.

मेहरूणचा पहिला गडी पहिल्याच षटकात बाद झाला आणि ठरल्याप्रमाणे फैज आत आला. त्याने बॅट आडवी धरून क्षेत्ररक्षण नीट पाहून घेतलं. पहिले तीन चेंडू सोडले. चौथा अडवला. पाचव्यावर एक धाव घेतली आणि पुढच्या षटकाला पुन्हा तोच समोर आला.

"अरे, फिरव ना," नूर महंमद दोरीपाशी येऊन म्हणाले.

फैज फिरवत नव्हता. तो बाद होत नव्हता आणि धावाही काढत नव्हता. तीन षटकं संपली, बावीस धावा. मेहरूणचा खरा फटकेबाज अतिक, गवंडीकाम करणारा दणकट माणूस, खांद्यावर बॅट ठेवून बसला होता. तो दर षटकानंतर नूर महंमदांना विचारत होता, "चाचा, मी कधी?"

"तो आऊट होईल तेव्हा."

"होईल का?"

"मला काय विचारतो? तो तर आज भिंतीसारखा खेळतोय."

नूर महंमदांचा आवाज हळूहळू दोरीच्या आत शिरला. "बेटा, एक काढ आणि दुसऱ्याला दे. बेटा, आऊट हो रे, काही म्हणणार नाही." फैजला ते ऐकू गेलं की नाही, कळायला मार्ग नव्हता. चौदा चेंडूंवर नऊ धावा करून तो सहाव्या षटकात धावबाद झाला, तोही समोरच्याच्या चुकीने. येताना त्याने बॅट वर केली. मैदानाच्या एका कोपऱ्यातून टाळ्या आल्या, त्या असोद्याच्या होत्या.

त्यानंतर समोरच्या टोकाचा गडीही चेंडू अडवत राहिला आणि अतिकला शेवटी सहाच चेंडू मिळाले. त्यांत त्याने सतरा धावा काढल्या. मेहरूण सहासष्ट. असोदा पाच धावांनी जिंकलं.

नवीन चषक घेऊन आबांकडे आला.

"आबा, तुमी त्याले जाऊ दिलं म्हनून जिंकलो."

"नही," आबा म्हणाले. "तो आपल्याकडं राह्यता तर आपले तीन गडी वाचले असते आन त्यायचे तीन गेले असते. पंचवीसनं जिंकलो असतो. हिशेब नीट धर."

नवीनने चषक त्यांच्या मांडीवर ठेवला. आबांनी तो उलटा करून तळावरची किमतीची चिठ्ठी पाहिली आणि परत दिला.

पुढच्या शनिवारी आबा मेहरूणला पोचले तेव्हा दाराजवळच्या ढिगावर फैज बसला होता. तो उठून बाजूला सरकला.

"आबा, घेऊन जा याला," नूर महंमद म्हणाले. "माझ्या घरात चार दिवस जेवताना त्या नऊ धावा ऐकतोय. कोणता बॉल कसा अडवला ते."

"भाव उतरला का त्याचा?"

"बॅटिंगचा उतरला. बॉलिंगचा चढला. तुम्ही रास काढा."

"चाचा, मी इथेच बसलोय," फैज म्हणाला.

"बस ना. तुझंच चाललंय."

आबांनी खिशातून कोरा कागद काढला, पण पेन उघडलं नाही. ते फैजकडे वळून बसले.

"आधी तू बोल."

"नवा बॉल. बूट दोन जोड पुरे, तिसऱ्याचं काय करू? घड मात्र पाहिजे, अम्मीने सांगितलंय. आणि आठवा नंबर."

"चौदा चेंडू खेळशील तिथं?"

"आठव्याला एवढे मिळतच नाहीत, आबा."

आबांनी यावर विचार केला. नूर महंमद मशीनवरचा पाय उचलून वाट पाहत होते.

"दिला," आबा म्हणाले. "सहा गडी पडले की तू. नवीनले मी सांगीन."

कागद नूर महंमदांनी लिहिला. त्यांचं अक्षर चांगलं आहे. मुदतीच्या ओळीवर ते थांबले. "आता तरी स्पर्धा संपेपर्यंत लिहू?"

"आखाजीपर्यंतच लिहा."

"पुन्हा तारीख पुढे गेली तर?"

"तर पुन्हा जेवायले या, दोघंबी."

फैजने कागद घेतला आणि या वेळी सही करण्याआधी तो दोनदा वाचला. मग परत देऊन म्हणाला, की आठव्या नंबरचं वेगळ्या ओळीत लिहा.